काँक्रीटची ऊब

१

माझी पहिली नोकरी म्हणजे काँक्रीटचा ताप बघणं. हे सांगितलं की लोक आजही हसतात. तेव्हा सासूबाईसुद्धा हसल्या होत्या. "फिजिक्सची पदवी घेऊन आता दगडाची नाडी बघणार का तू?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाडी नाही हो आई, नुसता ताप."

१९७३चा हिवाळा होता. भोसरीतल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये मोठ्या हॅमरसाठी पाया भरून झाला होता. हॅमर म्हणजे लालबुंद लोखंडाला ठोकून आकार देणारं धूड. ते दिवसभर घाव घालत राहणार, म्हणून त्याच्याखाली काँक्रीटचा एकच अखंड ठोकळा, आमच्या चिंचवडच्या दोन खोल्या आत मावतील एवढा. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होताना आपोआप तापतं. लहानसहान कामात ते कळतही नाही. पण एवढ्या जाड ठोकळ्याच्या पोटातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, आणि पोट गरम, अंग गार अशी अवस्था झाली की तडा जातो. म्हणून काँक्रीट भरतानाच त्यात लोखंडी नळ्या उभ्या सोडल्या होत्या. खालून बंद, आत पाणी. दोरीला बांधलेला थर्मामीटर नळीत सोडायचा, थोडं थांबायचं, वर ओढायचा आणि आकडा वाचायचा. वर येईपर्यंत पारा उतरू नये म्हणून थर्मामीटरच्या टोकाला मेण फासलेलं असायचं.

साइटवरचा इंजिनियर माझा नवराच होता, सुरेंद्र. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणायचे आणि मनात सुरेंद्र. इथं मनातलंच चालू ठेवते. हे दोरी घेऊन बसायचं काम कुणालाच नको होतं. तेव्हा यानंच ठेकेदाराला सांगितलं, "आमच्या पद्मजाला द्या. घरी बसून माझ्या चुका मोजते, इथं बसून पारा मोजेल." ठेकेदाराला ते पटलं. मलाही पटलं, पण तसं मी सुरेंद्रला कळू दिलं नाही.

सकाळी त्याच्या स्कूटरवर मागे बसून यायचं, मफलर कानाला गुंडाळून. नळ्यांवरून एक फेरी दुपारच्या आधी, एक चहाच्या वेळी, एक निघताना. पहिले काही दिवस पारा चढत गेला, मग थांबला, मग हळूहळू उतरायला लागला. पुस्तकात लिहिलंय अगदी तसा. मला फार बरं वाटायचं. एवढं मोठं धूड माझ्या पुस्तकाचं ऐकतंय याचा एक बारीकसा गर्वच होता म्हणा ना.

२

काँक्रीटची घमेली वाहणाऱ्या बायकांची मुकादम होती भिमाबाई. चऱ्होलीची, उंच, आवाज असा की मिक्सर चालू असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जावा. तिचा मुलगा कोंडीराम साइटवरच सेंटरिंगच्या फळ्या ठोकायचा आणि सून कस्तुरा दिवस गेलेले असल्यामुळे नुसती स्वयंपाकाला होती. शेडच्या मागे त्यांच्या झावळ्यांच्या झोपड्या होत्या.

कस्तुराचे दिवस भरायचे होते. पण त्या आठवड्यात असा कडाका पडला की नळाखालच्या बादलीत हात घालवेना, आणि त्यातच ती अडली आणि मोकळी झाली. मुलगी. मी बघायला गेले तर भिमाबाईच्या दोन ओंजळींत मावेल एवढी. रडायचीसुद्धा नाही, मांजराच्या पिलासारखा नुसता आवाज करायची. भोसरीहून डॉक्टर आले. म्हणाले, "हिला ऊब पाहिजे. पुण्याला नेलं तर काचेच्या पेटीत ठेवतील. पण या वाऱ्यात तिथपर्यंत न्यायची मला हिंमत होत नाही."

एरवी बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. पण झावळ्यांच्या झोपडीत रात्रंदिवस निखारे ठेवायचे म्हणजे आगीला आवतण. भिमाबाई दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि शेडकडे बघत म्हणाली, "ताई, ह्यो तुमचा ठोकळा अजून गरम हाय न्हवं?"

"आहे की. आतून चांगलाच."

"मंग एवढी मोठी शेगडी आसताना आमी काडक्या कशाला गोळा कराव्या?"

सुरेंद्रनं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "भिमाबाई, ही साइट आहे. बाळंतिणीची खोली नाही."

"व्हय सायेब. पर पोर तुमच्या साइटीवरच जन्माला आली, त्येला आमी काय करावं?"

तासाभरानं बघते तर तो स्वतःच ठोकळ्यावरच्या ओल्या गोणपाटावर मेणकापड अंथरत होता. चारी बाजूंनी फळ्या उभ्या केल्या, वर ताडपत्री ओढली, आणि आत कस्तुराची बाज आली, बरोबर चार नंबरच्या नळीला लागून. मी हसले तर म्हणाला, "हसू नकोस. तात्पुरतं आहे." मला त्या क्षणी तो इतका आवडला की काय सांगू.

मुलगी जगली. ठोकळ्याच्या उबेत दोन दिवसांत तिचे ओठ लाल झाले, चौथ्या दिवशी ती चक्क भोकाड पसरून रडली, आणि साऱ्या बायकांनी घमेली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

३

बाकीच्या नळ्यांतला पारा उतरत होता. चार नंबरचा सदतीसवर थांबला.

थांबला म्हणजे थांबलाच. आज सदतीस, उद्या सदतीस, सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मी थर्मामीटर बदलून पाहिला. नळीतलं पाणी उपसून नवं भरलं. सुरेंद्रला सांगितलं तर म्हणाला, "वर बाज, गोधड्या, दोन माणसं. उष्णता बाहेर कशी पडणार? एवढंही कळत नाही का तुला, पदवीधर बाई?"

बरोबरच होतं. गोधडीखालचं पातेलं उशिरा गार होतं, हे कुणीही सांगेल. पण उशिरा होत असलं तरी गारच होत जातं. एका आकड्याला धरून बसत नाही. मनात म्हटलं, बघू.

एका सकाळी चार नंबरचा थर्मामीटर वर ओढला तर एकोणचाळीस. मी दोनदा बघितलं. गार होत चाललेलं काँक्रीट परत तापत नसतं. मी तशीच दोरी हातात धरून उभी, तेवढ्यात ताडपत्रीच्या आतून भिमाबाईचा आवाज आला, "ताई, पोरीचं आंग चटकतंय बगा."

डॉक्टरांनी मुलीच्या काखेत त्यांचा थर्मामीटर धरला आणि म्हणाले, "एकशे दोन." मी सवयीनं मनातल्या मनात हिशेब केला. एकशे दोन फॅरनहाइट म्हणजे सेल्सिअसमध्ये एकोणचाळीस. मग दुसरा हिशेब केला, जो खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवा होता. सदतीस म्हणजे अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. आमच्या घरी ताप नेहमी फॅरनहाइटमध्येच बघायचे. म्हणून इतके दिवस मी माणसाच्या अंगाचा आकडा वाचत होते आणि मला तो ओळखू आला नव्हता.

औषधानं दुपारनंतर मुलीचा ताप उतरला. चार नंबरचाही उतरला.

मी स्वतःला समजावलं की पद्मजा, तू उलटं बघतेस. आधी ठोकळा काही कारणानं तापला, म्हणून मुलीला ताप आला. दोन गोष्टी एकत्र घडल्या की कुठली आधी हे तपासायचं असतं, आणि तपासायची रीत मला शिकवलेली होती. मी भिमाबाईला म्हटलं, इथं वारा लागतोय, बाज त्या टोकाला नेऊ. बाज एक नंबरच्या नळीजवळ गेली, जिथला पारा केव्हाच उतरून विशीत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबर गार पडला होता. एक नंबरमध्ये सदतीस होते.

सुरेंद्रनं ऐकून घेतलं. "तिथं सिमेंटचा लॉट वेगळा असेल," म्हणाला. म्हणाला खरं, पण हातातला चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली. संध्याकाळी निघायच्या वेळी तो बाजेजवळ गेला. मग त्यानं गळ्यातला मफलर काढून मुलीच्या पायांवर घातला. घरी येईपर्यंत स्कूटरवर कुडकुडला.

४

बारसं शेडमध्येच झालं. चाकणच्या बाजारातून कोंडीरामनं कांदे आणले होते, भज्यांचा घाणा पडला होता, आणि ठोकळ्यावर तीन बांबूंच्या तिकाटण्याला साडीचा पाळणा बांधला होता.

पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा निजवायची रीत असते. त्याला टोपडं घालतात, काजळ लावतात, पाळण्याखालून वरून फिरवतात. दृष्ट लागायची ती त्याला लागावी आणि बाळ त्याच्यासारखं घट्ट व्हावं. भिमाबाईचा पाटावरवंटा चऱ्होलीला घरी. मी म्हटलं, माझा आणते उद्या, चिंचवडहून. पण उद्या कसला, बारसं तर आज.

तेवढ्यात भिमाबाईची नजर पाण्याच्या टाकीकडे गेली. पाया भरताना त्याच काँक्रीटचे वीतभर लांबीरुंदीचे चौकोनी ठोकळे काढून ठेवतात. आम्ही त्यांना क्यूब म्हणायचो. ते टाकीत बुडवून ठेवायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचे, म्हणजे पाया किती ताकदीचा झाला ते कळतं.

"त्यातला एक द्या, ताई. ह्येच्याच उबीनं जगली पोर. दुसऱ्याचा दगड कशाला?"

मला ते इतकं गोड वाटलं की मीच बाह्या सरसावून टाकीत हात घातला. थंडीनं बोटं बधिर झाली. एक क्यूब उचलला, दुसरा उचलला, तिसऱ्याला हात लावला आणि मागे घेतला. बर्फासारख्या पाण्यात तो कोमट होता.

मी तोच घेतला. का, ते मला सांगता येणार नाही. दुसरा घ्यावा असं मनातच आलं नाही.

बायकांनी त्याला टोपडं घातलं. चौकोनी डोक्यावर टोपडं बसेना म्हणून हसून हसून पुरेवाट. कस्तुरानं स्वतःच्या बोटानं काजळाची तीट लावली. तो आधी पाळण्यात निजला, मग त्याच्या शेजारी मुलगी. नाव ठेवलं चित्रा. मी वाकून बघितलं तर झोपेत तिनं आपला इवलासा हात त्याच्यावर टाकला होता, भावंडाच्या अंगावर टाकतात तसा. सगळ्या बायका "बगा गं, बगा गं" करायला लागल्या. मीही त्यांच्यात होते.

सगळं आटोपल्यावर मी त्याचं काजळ पुसलं आणि त्याला पुन्हा टाकीत सोडलं.

५

अठ्ठाविसावा दिवस उगवला. बारशानंतर कस्तुराची बाज परत झोपडीत गेली होती. शेडच्या कोपऱ्यातल्या खोलीत दाबायचं मशीन होतं. खाली एक पोलादी तबक, वर एक तबक, मध्ये क्यूब, बाजूला हातपंप आणि घड्याळासारखी तबकडी. पंप मारत जायचं, काटा चढत जातो, आणि कधीतरी धाडकन आवाज होऊन क्यूबच्या ठिकऱ्या होतात.

फोडायचे होते तीन. मी सकाळपासून सुरेंद्रच्या मागे लागले होते, "तो एक राहू द्या ना."

"पद्मा, सल्लागारांना तीनचे आकडे लागतात. एक क्यूब कुठे गेला म्हणून विचारतील, तर काय सांगू? बारशाला गेला?"

"तसं सांगा."

"तुझ्या पदवीला हार घालायला पाहिजे," म्हणाला. पण आवाजात नेहमीचा खट्याळपणा नव्हता.

पहिला फुटला. दुसरा फुटला. दर वेळी मी डोळे मिटले. तिसरा त्यानं उचलला तेव्हा क्षणभर तसाच धरून ठेवला. तो कोमट आहे हे त्याला आत्ता कळलं असणार. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. क्यूब तबकावर ठेवला, वरचं तबक टेकवलं आणि पंप मारायला लागला.

काटा चढत गेला. पहिले दोन जिथं फुटले ती जागा मागे पडली. काटा तसाच पुढे. क्यूबला साधा चराही नाही. खोलीत पंपाची करकर तेवढी. मला एकदम वाटलं की मागे झोपडीत जावं, चित्राला बघावं.

मग करकर थांबली.

सुरेंद्र पंपाचा दांडा धरून उभा होता. मान वाकडी करून, पलीकडच्या खोलीत कुणी हाक मारतंय का ते ऐकावं तसा. त्यानं दांड्यावरचा हात काढला, परत हळूच ठेवला, परत काढला. मग खाली वाकून तेलाची चावी सोडली. काटा घसरत शून्यावर आला.

"काय झालं हो?"

"काही नाही. मशीन बिघडलंय. दोनचीच सरासरी देऊ."

मशीनला काही झालेलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं क्यूब बाहेर काढला आणि छातीशी धरून चालत गेला. क्यूब तसा कुणी नेत नाही. एका हातानं लोंबकळवत नेतात.

झोपडीत गेले तर कस्तुरा घाबरीघुबरी होऊन चित्राला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. "आत्ताच, ताई. श्वासच धरून बसली. काळीनिळी पडली. म्यां म्हनलं, गेली. मंग आपसूकच सुटली." मी मुलीला घेतलं, झबलं वर केलं. पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, एकात एक बारीक गोल रेघा उमटल्या होत्या. मशीनच्या तबकावर क्यूब मधोमध ठेवता यावा म्हणून तशाच गोल रेघा कोरलेल्या असतात. मी झबलं खाली ओढलं. कस्तुराला काही दाखवलं नाही.

त्या संध्याकाळी स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये तो क्यूब होता, पोत्यात गुंडाळलेला. मला चिंचवडपर्यंत थंडी वाजली नाही.

६

आता माझ्या डोक्यात एकच भुंगा. क्यूब हा नुसता नमुना. तो वाचवला, पण पाया तर तिथंच आहे, आणि त्यावर हॅमर बसणार आहे. नमुन्याला नुसतं दाबलं तर मुलीचा श्वास कोंडला. मग पायावर रोज घाव बसायला लागले की काय होईल?

हे मी कुणाला सांगणार? सुरेंद्रला सांगितलं. त्यानं 'वेडी आहेस' म्हटलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते. तो म्हणाला, "हॅमर मला थांबवता येणार नाही, पद्मा."

उन्हाळ्यात हॅमर उभा राहिला. नळ्या कापून वर ऐरण बसवली, त्यामुळे आता पारा बघायलाही वाट उरली नाही. चाचणीच्या दिवशी सुरेंद्र शेडमध्ये आणि मी झोपडीत, चित्राला मांडीवर घेऊन. तेव्हा ती चांगली गुटगुटीत झाली होती, माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. मी तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले होते. कशाला, तर ते मलाच माहीत नव्हतं.

पहिला घाव पडला. जमीन हादरली, भांडी वाजली. चित्रानं खेळणं थांबवलं. दुसरा पडला. तिनं मान कलती केली. मग तिनं माझ्याकडे नाही, खाली जमिनीकडे पाहिलं आणि बोळकं पसरून हसली. तिसऱ्या-चौथ्या घावाला तिचे डोळे पेंगायला लागले. थोड्या वेळात ती माझ्या मांडीवर गाढ झोपली होती, आणि बाहेर हॅमर धाड धाड चालूच होता.

"बगा," भिमाबाई म्हणाली, "कुनी थोपटतंय असं झोपली." मी पोरीला कुरवाळत किती वेळ रडले. सुटल्यासारखं वाटलं मला.

पुढे कोंडीरामला त्याच कारखान्यात हेल्पर म्हणून घेतलं. ती मंडळी भोसरीतच, हॅमरचा हादरा येईल अशा चाळीत राहायला गेली, कारण चित्रा दुसरीकडे झोपायचीच नाही. चऱ्होलीला नेलं की रात्रभर टक्क जागी. आणि गुरुवारी आमच्या पट्ट्यातले कारखाने बंद, तर गुरुवारी तिची नुसती किरकिर. "कंपनीची पोरगी हाय," भिमाबाई म्हणायची, "सुट्टी मानवत न्हाई तिला."

आमच्या घरात क्यूब दिवाणाशेजारी घडी केलेल्या सतरंजीवर असायचा. हिवाळ्यात सुरेंद्र वाचताना त्यावर पाय टेकून बसायचा. मी ओरडायचे, "अहो, पाय नका लावू." मग तो पाय काढायचा आणि त्याला नमस्कार करायचा, थट्टेनं. पण करायचा. आम्हाला मूल झालं नाही. पाहुण्यांनी विचारलं की हे काय, तर मी सांगायचे, आमच्या ह्यांच्या पहिल्या कामाची आठवण. येताजाता माझा हात त्यावर पडायचा. तो नेहमी सदतीस असणार. मोजायची गरजच नव्हती.

७

चित्रा सहा वर्षांची असताना कारखान्याला टाळं लागलं. मालकाचं आणि युनियनचं काहीतरी बिनसलं. उद्या उघडेल, परवा उघडेल असं करता करता दिवस जात राहिले. हॅमर मुका झाला.

चित्रा आधी जागीच राहिली. मग नुसतीच पडून राहायला लागली. मग तिला उठवणं कठीण झालं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा, टॉनिक दिलं. ताप नव्हताच. उलट हात लावला की गार. आमच्याकडे दिवाणाशेजारचा क्यूबही गार पडत चालला होता. मी त्यावर गोधडी घातली. शेगडीजवळ ठेवला. दुसऱ्या कुठल्याही दगडासारखा तो वरून तापायचा आणि निवायचा.

एका दुपारी कस्तुरा आणि कोंडीराम चित्राला घेऊन आमच्याकडेच आले. रिक्षातून उतरताना तिची मान कस्तुराच्या दंडावरून लोंबत होती. "ताई, हिचं हातपाय बगा. आमच्या सासूबाई म्हनल्या, पद्माताईकडं न्या. त्यांनीच पहिल्यांदा ऊब दिलती." कोंडीराम आत आला नाही. जिन्यावरच डोकं धरून बसला.

मी चित्राला दिवाणावर निजवलं. तिची छाती हलते की नाही ते बघायला मला वाकावं लागलं. सुरेंद्र खिडकीजवळ उभा होता. उन्हाचा पट्टा दिवाणावर होता आणि त्या उन्हातसुद्धा मुलीचं कपाळ गार लागत होतं. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. काय उपयोग त्या पदवीचा? मला फक्त मोजता येत होतं.

आणि मग भिमाबाईचे शब्द आठवले. कुनी थोपटतंय असं झोपली.

मी काही बोलायच्या आत सुरेंद्र खाली बसला. त्यानं सतरंजी ओढली, मांडी घातली, आणि क्यूब उचलून मांडीवर घेतला. या माणसानं मला सिमेंटचे लॉट सांगितले होते. त्यानं तळहात पसरला आणि क्यूबला थोपटायला लागला. थप. थप. हॅमरचा घाव पडायचा त्याच संथ चालीनं. आपण कुणाच्या समोर बसलोय, कस्तुराला काय वाटेल, कसलीच फिकीर नाही.

कस्तुरानं चित्राचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि चोळत राहिली.

ऊन दिवाणावरून भिंतीवर गेलं. सुरेंद्रचा तळहात लाल झाला तेव्हा मी क्यूब माझ्या मांडीवर घेतला. तो दगडच होता, जड, गार, कडा टोचणारा. मी थोपटत राहिले. मनात काय काय बोलले त्याच्याशी. झोप रे, म्हटलं. नाही, झोपू नकोस, म्हटलं. मला ठाऊक नव्हतं काय म्हणायचं ते.

मग माझ्या मांडीला उबदार लागलं. आधी वाटलं माझीच ऊब. पण ती पसरत गेली, पदरातून, लुगड्यातून. "ताई," कस्तुरा कुजबुजली. चित्राच्या ओठांवर रंग येत होता. तिनं एक लांब श्वास घेतला आणि कूस बदलली. कस्तुरा तिच्या हातांवर कपाळ टेकून हमसून रडायला लागली. माझ्या डोळ्यांना पाण्याची धार लागली आणि थोपटणारा हात जागीच थांबला.

तेव्हा आतून थोपटलं.

एकदाच. हलकंसं. एवढ्याशा तळहाताचं, माझ्या तळहाताच्या बरोबर खाली. मी चित्राकडे पाहिलं. ती झोपली होती आणि तिचे दोन्ही हात कस्तुराच्या मुठीत होते.

मी सुरेंद्रकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो दचकला नव्हता. त्यानं सरकून जवळ येऊन माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"मशीनवर असंच झालं होतं," तो हळूच म्हणाला. "मी पंप मारत होतो, आणि आतून हे. म्हणून सोडलं."

"अहो, आत कोण आहे?"

त्यानं माझा हात उचलून पुन्हा खाली टेकवला, हलकेच, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर टेकवतात तसा.

"थांबू नकोस," म्हणाला. "वाट बघतंय."